‘चेस’ हा शब्द आला कुठून? मराठवाड्यात बसून खेळातल्या शब्दांचा माग काढण्याची रीत

शाळेच्या स्पर्धेच्या पत्रकावर ‘चेस’ असतं, घरात ‘बुद्धिबळ’ म्हणतात आणि जुन्या मोहल्ल्यातले आजोबा ‘शतरंज’ म्हणतात. देगलूर किंवा धर्माबादकडे राहत असाल तर तेलुगू बोलणाऱ्यांकडून ‘चदरंगम’ ऐकू येतं. उदगीर-उमरग्याच्या बाजूला कन्नड घरांत ‘चदुरंग’ म्हणतात. एका खेळाची एवढी नावं एवढ्या जवळजवळ ऐकू येणारा मुलूख फार नाही. या शब्दांचा अभ्यास करायला मराठवाड्याइतकी सोयीची जागा मला तरी माहीत नाही.

हा लेख नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे: मुलांना खेळ शिकवणारे शिक्षक, स्पर्धांना मुलांना घेऊन फिरणारे आईवडील, शब्दांची गोडी लागलेले विद्यार्थी. संस्कृत किंवा फारसी यायलाच हवी असं नाही. एक वही, एक पट आणि थोडा धीर एवढं पुरतं.

आधी एक मुख्य गोष्ट. जगभरातली या खेळाची बहुतेक नावं दोन घराण्यांतली आहेत. एक घराणं ‘चतुरंग’ या शब्दाचं, दुसरं ‘शाह’ या शब्दाचं. ‘चेस’ दुसऱ्या घराण्यातला आहे. ‘चतुरंग’चा अपभ्रंश होत होत ‘चेस’ झाला असं भाषणांतून सर्रास सांगितलं जातं, ते चूक आहे. खेळ भारतातून गेला हे खरं, पण इंग्रजांच्या तोंडी बसलेलं नाव इराणच्या राजाचं आहे.

पायरी पहिली: पट मांडा आणि तोंडात येणारे शब्द लिहा

कोश नंतर उघडायचा. आधी एक डाव खेळा आणि खेळताना जे शब्द आपोआप येतात ते तसेच उतरवा. राजा, वजीर, उंट, घोडा, हत्ती, प्यादं, मोहरा, पट, घर, शह, काटशह, मात, किल्लेकोट. आता प्रत्येकासमोर त्याचं मूळ लिहायचं. राजा संस्कृत. हत्ती, घोडा आणि उंट हे ‘हस्ती’, ‘घोटक’ आणि ‘उष्ट्र’ यांच्यावरून प्राकृतातून आलेले. वजीर अरबी, फारसीच्या हाताला धरून आलेला. प्यादं, मोहरा, शह आणि मात फारसी. ‘किल्लेकोट’ या एकाच शब्दात अरबी ‘किल्ला’ आणि आपला ‘कोट’ शेजारी शेजारी उभे आहेत.

ही सरमिसळ का, हे मराठवाड्यात वेगळं समजावून सांगावं लागत नाही. बहमनी, निजामशाही, मोगल आणि मग आसफजाही, अशा शतकानुशतकांच्या कारभारात दफ्तराची भाषा आधी फारसी आणि नंतर उर्दू होती. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, तोवर इथल्या कित्येकांचं शिक्षण उर्दूतून झालेलं होतं. म्हणून जुन्या पिढीच्या खेळातले शब्द पुण्या-मुंबईच्या पुस्तकांपेक्षा थोडे वेगळे ऐकू येऊ शकतात. ते शब्द जपून ठेवण्यासारखे आहेत.

कोश हवेतच. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७), दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, माधवराव पटवर्धनांचा १९२५ चा फारसी-मराठी कोश आणि कृ. पां. कुलकर्णींचा १९४६ चा मराठी व्युत्पत्तिकोश. पहिले दोन तर इंटरनेटवर फुकट शोधता येतात. एका कोशावर कधीच थांबू नका. व्युत्पत्तीत कोशकारही एकमेकांशी भांडतात, आणि त्या भांडणातच खरी माहिती सापडते.

पायरी दुसरी: चतुरंगाचं घराणं ओळखा

‘चतुरंग’ म्हणजे चार अंगांचं. ही चार अंगं सैन्याची आहेत. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात सरळ सांगितलंय: ‘हस्त्यश्वरथपादातं सेनाङ्गं स्याच्चतुष्टयम्’. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ. त्यामुळे जुन्या ग्रंथात ‘चतुरंग’ दिसला की लगेच खेळ समजू नका. महाभारतातलं चतुरंग सैन्य म्हणजे खरंखुरं सैन्य. नवशिक्यांची पहिली घसरण इथेच होते.

मग तो खेळाचा शब्द कधी झाला? सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या हर्षचरितात एक श्लेष आहे. हर्षाच्या राज्यात ‘चतुरंगकल्पना’ फक्त अष्टापदांवर होते, असं बाण म्हणतो. एका अर्थाने, हात-पाय तोडण्याची शिक्षा त्या राज्यात उरलेली नाही. दुसऱ्या अर्थाने, सैन्याची चार अंगं मांडली जातात ती पटावर. ‘अष्टापद’ हा आठ गुणिले आठ घरांचा जुना पट, पतंजलीच्या महाभाष्यालाही तो माहीत आहे. त्यावर आधी फाशांचे खेळ चालत. बाणाच्या काळापर्यंत त्याच पटावर चतुरंग मांडलं जात होतं आणि वाचकाला श्लेष कळावा इतकं ते ओळखीचं झालं होतं, एवढं या एका ओळीवरून म्हणता येतं. एक ओळ किती बोलते आणि कुठे थांबते, हे तिच्याकडून शिकावं.

भारताबाहेर पडल्यावर इराणात त्याचं ‘चत्रंग’ झालं. पहलवी, म्हणजे इस्लामपूर्व इराणच्या भाषेतल्या एका ग्रंथात गोष्ट आहे: भारतातल्या राजाने खुस्रो पहिला (राज्यकाळ ५३१ ते ५७९) याच्या दरबारात कोडं म्हणून हा खेळ पाठवला आणि वजीर बुजुर्गमिहरने तो उलगडला. गोष्ट गोष्ट म्हणून वाचा, पण खेळ हिंदुस्थानातून आला याची इराणला स्वतःची आठवण होती, हा तिचा खरा ऐवज.

पुढे तो अरबांकडे गेला. अरबीत ‘च’ नाही आणि आपल्यासारखा ‘ग’ही नाही. परक्या शब्दातल्या ‘च’चा तिथे ‘श’ किंवा ‘स’ होतो आणि ‘ग’चा ‘ज’. चीनला अरबीत ‘सीन’ म्हणतात, तसंच ‘चत्रंग’चं ‘शत्रंज’ झालं. हा एक नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, कारण पुढे सगळी दारं त्यानेच उघडतात. अरबांनी शत्रंज स्पेनमध्ये नेला. तिथे अरबी उपपद चिकटून स्पॅनिशमध्ये ‘अखेद्रेस’ झालं आणि पोर्तुगीजात ‘शद्रेश’. तुर्कीत ‘सतरंच’, मंगोलियात ‘शतर’. मलाया-इंडोनेशियात ‘चातुर’, हा तर थेट आपल्याकडून गेलेला. आणि फारसीच्याच वाटेने तो हिंदी-उर्दूत ‘शतरंज’ व गुजरातीत ‘शेतरंज’ होऊन परत आला. तेलुगू आणि कन्नड शेजाऱ्यांनी मात्र जुनं नाव सोडलं नाही, उच्चार मऊ केला एवढंच.

या घराण्यातला एक शब्द तुमच्या घरात गुंडाळून ठेवलेला असेल: सतरंजी. ‘शतरंजी’ म्हणजे बुद्धिबळाच्या पटासारखी चौकटीचौकटीची. मूळ विणकाम चौकड्यांचं म्हणून नाव पडलं, पुढे पट्ट्यापट्ट्यांच्या जाड सुती बैठकीलाही तेच चिकटलं. ‘सात रंग असतात म्हणून सतरंजी’ असं कोणी सांगेल. ऐकायला छान आहे, पण त्याला आधार नाही. तसंच ‘शत रंज, म्हणजे शंभर दुःखं’ हेही. फारसीतल्या लोकांनीसुद्धा शब्दाची अशी फोड करून पाहिली होती, पण तीही मागाहून जोडलेलीच.

पायरी तिसरी: शाहचं घराणं, म्हणजे ‘चेस’चा खरा रस्ता

इथे सावकाश चला. सगळ्या लेखाचा जीव या पायरीत आहे.

फारसीत राजा म्हणजे ‘शाह’. खेळणारा समोरच्या राजावर हल्ला झाला की ‘शाह!’ असं म्हणून सावध करी. आपण आजही तेच करतो, ‘शह’ म्हणून. अरबांनी हा उच्चार जसाच्या तसा उचलला. युरोपात पोचल्यावर अडचण अशी झाली की मध्ययुगीन लॅटिनला ‘श’ लिहायची सोय नव्हती. लिहिणाऱ्यांनी जवळचा आवाज घेतला आणि ‘स्काकस’, अनेकवचनी ‘स्काकी’ असं रूप तयार झालं. अर्थही सरकला. आधी एक राजा, मग सगळेच मोहरे, मग सगळा खेळ. स्वित्झर्लंडमधल्या आइन्सिडेल्नच्या मठात दहाव्या शतकाच्या अखेरीची एक लॅटिन कविता आहे. युरोपातल्या या खेळाच्या सर्वांत जुन्या उल्लेखांत तिची गणना होते आणि तिच्यात हेच रूप दिसतं.

लॅटिनवरून जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’, अनेकवचनी ‘एशेस’, तेव्हाचा उच्चार ‘एस्चेस’च्या जवळचा. १०६६ नंतर इंग्लंडवर नॉर्मन फ्रेंचांचं राज्य आलं आणि हा शब्द इंग्रजीत शिरला. सुरुवातीचा ‘ए’ गळाला आणि उरलं ‘चेस’. एकवचन ‘एशेक’ वेगळं राहिलं, त्याचं झालं ‘चेक’. म्हणजे ‘चेस’ आणि ‘चेक’ ही सख्खी भावंडं, एक अनेकवचनातून जन्मलेलं, एक एकवचनातून. आणि आपला ‘शह’ त्यांचा जवळचा नातलग, उच्चाराने मुळाच्या सगळ्यांत जवळ राहिलेला.

तुमच्या मुलाला फिडेचं मानांकन मिळालं असेल तर हा शब्द त्याच्या प्रमाणपत्रावरही आहे. फिडे ही जागतिक संघटना २० जुलै १९२४ ला पॅरिसमध्ये स्थापन झाली. नावाच्या चार इंग्रजी अक्षरांतलं शेवटचं ‘ई’ हे फ्रेंच ‘एशेक’चं आद्याक्षर.

जर्मन ‘शाख’, डच ‘स्खाक’, इटालियन ‘स्काकी’, ग्रीक ‘स्काकी’, रशियन ‘शाख्माती’ ही सगळी याच घराण्यातली. रशियनमध्ये तर ‘शह’ आणि ‘मात’ दोन्ही मिळूनच खेळाचं नाव झालंय.

आता ‘चेक’ पुढे कुठे कुठे गेला बघा. राजाला अडवणं, त्यावरून एखाद्याला रोखणं, त्यावरून तपासणं. आपण ‘गाडी चेक केली’ म्हणतो तो हाच. चौकड्यांच्या पटावरून ‘चेक्सचा शर्ट’ आला. इंग्लंडच्या राजाचा हिशेब चौकडीच्या कापडावर सोंगट्या मांडून होई, त्यावरून तिथल्या खजिन्याच्या खात्याला ‘एक्सचेकर’ नाव पडलं. रिचर्ड फिट्झनील या कारभाऱ्याने ११७९ च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात ही उपमा स्वतःच समजावून सांगितली आहे. बँकेचा चेक हाही तपासणीसाठी ठेवलेल्या स्थळप्रतीच्या अर्थातून आलेला, आणि त्याच्या ब्रिटिश स्पेलिंगवर या ‘एक्सचेकर’ची छाप आहे. अंबाजोगाईच्या बाजारात चेक्सचा शर्ट घालून चेक देणारा माणूस इराणच्या शाहचं नाव दोनदा वागवत असतो.

‘शाह’ शब्दाचं मूळ आणखी मागे नेलं तर तो परकाही वाटत नाही. जुन्या इराणी भाषेतली त्याची धातू आणि संस्कृतातल्या ‘क्षत्र’ची धातू एकच, अर्थ सत्ता चालवणं. ‘क्षत्रप’ हा शब्दही त्याच कुळातला. पैठणच्या सातवाहनांनी ज्या नहपानाला हरवलं तो क्षत्रपच होता.

एक सावधगिरी. इंग्रजी कोशात ‘चेस’चे आणखी दोन अर्थ सापडतील: गव्हात वाढणारं एक तण आणि तरंगत्या पुलावर आडव्या टाकायच्या फळ्या. खेळाशी यांचा संबंध नाही. फक्त उच्चार जुळतो.

पायरी चौथी: मोहऱ्यांची अदलाबदल

याचा तक्ता वहीत करा. जुन्या चतुरंगातला रथ फारसीत ‘रुख’ झाला, इंग्रजीत ‘रूक’. आपल्याकडे त्या कोपऱ्यात आज हत्ती उभा आहे. जुना हत्ती फारसीत ‘पील’, अरबीत ‘फील’. स्पॅनिशमध्ये तो अजून ‘आल्फिल’ आहे आणि रशियनमध्येही त्याला हत्तीच म्हणतात. इंग्रजांनी त्याचा बिशप केला, आपण उंट. म्हणून जुन्या ग्रंथात ‘गज’ दिसला की आजच्या हत्तीची चाल त्याला लावू नका.

वजिराचं फारसी नाव ‘फर्जीन’, हिंदी-उर्दूत ‘फर्जी’. युरोपात त्याची राणी झाली आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस तिला आजची लांब चाल मिळाली. त्याआधी हा मोहरा तिरपं एकच घर चालायचा.

प्याद्याचं नातं सगळ्यांत जुनं. संस्कृत ‘पद’, फारसी ‘पा’ आणि लॅटिनमधला पायाचा शब्द एकाच मुळाचे. फारसीतून ‘प्यादा’, लॅटिनवरून फ्रेंचमार्गे ‘पॉन’, आणि पोर्तुगीजांमार्गे आपल्या तहसील कचेरीतला ‘प्यून’.

‘मात’बद्दल मात्र ठाम राहा. ‘शाह मात’ म्हणजे ‘राजा मेला’ असं पुष्कळ ठिकाणी छापतात. अरबीत ‘माता’ म्हणजे मेला, त्यावरून तो अर्थ पसरला. फारसीत ‘मात’ म्हणजे हतबल, पेचात सापडलेला. खेळाचा नियमही हेच सांगतो, कारण पटावर राजाला कधीच मारत नाहीत.

पायरी पाचवी: ‘बुद्धिबळ’ वेगळं ठेवा

मराठीने दोन्ही घराणी सोडून स्वतःचं नाव घेतलं. बुद्धी अधिक बळ, फोड सोपी आहे. पण ‘बल’चा संस्कृतात आणखी एक अर्थ आहे: सैन्य. अमरकोशात सेनेच्या पर्यायांत ‘बलं सैन्यं’ असं आहे. जुन्या मराठीत ‘बुद्धिबळे’ असं अनेकवचन चालतं, तेव्हा मला त्यात बुद्धीची फौज दिसते, चतुरंग सेनेची आठवण ठेवणारी. हे माझं वाचन आहे, सिद्ध व्युत्पत्ती नव्हे. तुमच्या वहीतही तर्क आणि पुरावा वेगळ्या शाईने लिहा.

पायरी सहावी: गावातले दावे तपासा

मराठवाड्यात लेण्या आहेत, म्हणून मोह मोठा आहे. वेरुळच्या १४, २१ आणि २९ क्रमांकाच्या लेण्यांत शिव-पार्वती खेळताना कोरलेले आहेत. सहलीत मुलांना ‘बघा, बुद्धिबळ’ असं सांगितलं जातं. ते फाशांचं द्यूत आहे. शिल्प अप्रतिम आहे, २१ व्या लेण्यातलं तर वेळ काढून पाहावं, पण आपल्या विषयाचा तो पुरावा नाही.

दुसरं, अजिंठ्याचं पहिलं लेणं. तिथल्या परदेशी वेशातल्या माणसांचं चित्र म्हणजे चालुक्य राजा पुलकेशी दुसरा याच्या दरबारातला इराणी वकील, असं जेम्स फर्ग्युसन या अभ्यासकाने १८७९ मध्ये मांडलं. त्यावरून ‘इथूनच चतुरंग इराणला गेलं’ अशी उडी मारू नका. ते लेणं पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातलं मानलं जातं आणि पुलकेशी सातव्या शतकातला.

तिसरं, दाण्यांची गोष्ट. पहिल्या घरात एक दाणा, पुढे प्रत्येक घरात दुप्पट. एकूण १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ दाणे होतात. गहू घ्या, तांदूळ घ्या नाहीतर आपली ज्वारी. गणित चोख आहे, मुलांना जरूर करायला द्या. पण खेळाच्या जन्माचा पुरावा म्हणून चालत नाही, कारण ही कथा लिहिलेली सापडते ती पुष्कळ मागाहून, अरबी ग्रंथांत; तेराव्या शतकातल्या इब्न खल्लिकान या चरित्रकाराकडची तर प्रसिद्धच आहे.

हे तीन दावे बाजूला ठेवले तरी मराठवाड्याचा वाटा कमी होत नाही, उलट भक्कम होतो. सोळाव्या शतकात पैठणचे रामेश्वरभट्ट काशीला गेले. त्यांचे पणतू नीलकंठभट्ट यांनी सतराव्या शतकात ‘भगवंतभास्कर’ हा बारा मयूखांचा, म्हणजे भागांचा, ग्रंथ रचला. त्यातला व्यवहारमयूख पुढे मुंबई इलाख्याच्या न्यायालयांत वारसाहक्कासाठी प्रमाण मानला गेला, आणि नीतिमयूखात बुद्धिबळाचं वर्णन आहे, घोड्याला एकेका घरात एकदाच नेत सगळा पट फिरवण्याच्या कोड्यासकट. शिवाजी महाराजांचा १६७४ चा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट याच घराण्यातले, नीलकंठ त्यांच्या वडिलांचे चुलतभाऊ. एकोणिसाव्या शतकात औरंगाबादचे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचे, हरिकृष्ण व्यंकटराम यांनी संस्कृतात ‘क्रीडाकौशल्य’ लिहिलं, त्यातही हा खेळ आहे. आणि उमरग्याहून सीमा ओलांडली की बसवकल्याण, चालुक्यांची कल्याणी. तिथल्या सोमेश्वर तिसऱ्याच्या ‘मानसोल्लासा’त, म्हणजे ११३० च्या आसपास, चतुरंगाच्या खेळाचं वर्णन येतं. त्या काळी आजच्या मराठवाड्याचा मोठा भाग त्याच राज्यात होता. शाळेच्या भाषणात सांगायचंच असेल तर हे सांगा.

पायरी सातवी: माणसांकडून शब्द गोळा करा

कोशात नसलेलं इथे मिळतं. पारावर, चहाच्या टपरीजवळ, जुन्या मोहल्ल्यात खेळणारे शोधा. प्रश्न विचारत बसू नका, आधी एक डाव खेळा. खेळाच्या भरात जे शब्द निघतात ते खरे, मुद्दाम विचारल्यावर माणूस पुस्तकी शब्द सांगतो. राजा एकटा उरला तर काय म्हणता, प्याद्याने मात केली तर काय म्हणता, प्यादं शेवटच्या घरात पोचलं तर काय होतं, हे डाव संपल्यावर विचारा. मोबाइलवर आवाज घ्यायचा असेल तर परवानगी घ्या. नाव लिहू नको म्हणाले तर लिहू नका, गाव आणि अंदाजे वय पुरे.

प्रत्येक शब्दाला एक पान द्या. वर शब्द जसा ऐकला तसा, कोशातल्या स्पेलिंगप्रमाणे सुधारून नव्हे. खाली अर्थ, बोलणाऱ्याचं वाक्य, गाव, बोलणाऱ्याची घरची भाषा मराठी की दखनी की तेलुगू. मग कोशांत काय मिळालं ते, कोशाच्या नावासह. शेवटी घराणं: चतुरंग, शाह, की तिसरंच काही. ‘फर्जी’ ऐकलात तर त्याच पानावर ‘वजीर’ही नोंदवा आणि कोणत्या वयाची माणसं कोणता शब्द वापरतात ते लिहा. कोशात न सापडलेल्या शब्दाचं पान अर्धं रिकामं राहील. ते तसंच ठेवा आणि पुढच्या गावात तोच शब्द पुन्हा विचारा.